पाण्याखालचे मालवण

मालवणच्या धक्क्यावर उभे राहिले, की समोर पाण्यात सिंधुदुर्ग दिसतो आणि पाहणाऱ्याची दृष्टी साहजिकच त्याच्या तटावर खिळून राहते. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर शिवाजी महाराजांनी या किल्ल्याची पायाभरणी केली आणि अवघ्या तीन वर्षांत सुमारे ४८ एकर जागेला वेढणारा तट समुद्रात उभा राहिला. देशाच्या कानाकोपऱ्यांतून येणारे प्रवासी होडीत बसून तेथे जातात, महाराजांच्या हातापायांच्या ठशांपुढे हात जोडतात, खाऱ्या पाण्याच्या वेढ्यात गोडे पाणी देणाऱ्या दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींचे नवल करतात आणि ऊन कलण्यापूर्वी परततात. मात्र येताजाता ज्या पाण्यावरून आपली होडी गेली, त्याच्या तळाशी काय आहे, हा प्रश्न अगदी परवापरवापर्यंत फारसा कोणी विचारीत नसे.

येथील गाबीत बांधवांना तो तळ ठाऊक होता, पण निराळ्या कारणाने. ज्या जागी जाळे टाकले असता ते फाटून वर येते, ती जागा टाळावयाची, एवढा त्यांचा हिशेब. जाळे फाडणारे ते खडक म्हणजे जिवंत प्रवाळांची वस्ती आहे आणि ती पाहण्यासाठी एके दिवशी दूरदूरचे लोक येतील, असे त्यांच्या वाडवडिलांना कोणी सांगितले असते, तर ते हसले असते. आज त्याच घरांतील तरुण पाण्यात उतरून पाहुण्यांना बोटाने मासे दाखवितात. एका पिढीत घडलेला हा बदल सुखावह आहे आणि काळजीत टाकणाराही आहे. हे दोन्ही मी मालवणच्या मुक्कामात पाहिले.

शब्द आणि वस्तू

अनुवादाच्या कामात ‘प्रवाळ’ हा शब्द मी किती वेळा लिहिला असेल, याची गणती नाही. कधी भूगोलाच्या लेखात, कधी लक्षद्वीपच्या वर्णनात, कधी पंचवार्षिक योजनांच्या अहवालांत हा शब्द यावयाचा आणि कागदावरून कागदावर जावयाचा. प्रत्यक्षात प्रवाळ म्हणून मी पाहिले होते ते केवळ आजीच्या अंगठीतील लाल पोवळे. आणि तेही या प्रवाळांचे दूरचे आप्त. दागिन्यांत जडविले जाणारे लाल पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातील असते. उथळ, उबदार पाण्यात भित्ती रचणारे प्रवाळ वेगळे.

भारताच्या किनाऱ्यावर अशा भित्ती मोजक्याच ठिकाणी आहेत. अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मन्नारचे आखात व पाल्कची सामुद्रधुनी आणि कच्छचे आखात ही त्यांची चार मुख्य स्थाने होत. कच्छच्या आखातात १९८२ साली देशातील पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले. त्यापाठोपाठ १९८३ साली अंदमानात वंडूर येथे आणि १९८६ साली मन्नारच्या आखातात अशी उद्याने निर्माण झाली. कोकणच्या किनाऱ्यावर मात्र दर पावसाळ्यात नद्या डोंगरांची माती समुद्रात आणून ओततात, किनाऱ्यालगतचे पाणी गढूळ होते, त्याचा खारटपणा उतरतो, आणि प्रवाळांना हे दोन्ही सोसत नाही. तरीही मालवणच्या खडकांना धरून काही चिवट जातींनी आपले बस्तान बसविले आहे. अंदमानच्या वैभवापुढे मालवणची ही वस्ती लहान आहे खरी. परंतु ओसाड माळावर एखादे बकुळीचे झाड जसे मोलाचे वाटते, तसेच हिचे मोल आहे.

कोठे काय पाहावे

मालवणला बुडी मारण्याची किंवा पाण्यावर पालथे तरंगत तळ न्याहाळण्याची ठिकाणे अनेक आहेत. परंतु ती सर्वच सर्वांसाठी नाहीत, हे आरंभीच सांगितलेले बरे.

नवख्या माणसाने पहिला पाठ गावाच्या उत्तरेकडील चिवला किनाऱ्यावर घ्यावा. तेथील पाणी उथळ आणि पुष्कळ अंशी शांत असते, आणि पायाखाली वाळू असते. दर हिवाळ्यात याच ठिकाणी समुद्रात पोहण्याच्या स्पर्धा भरतात आणि चिमुकली मुलेही त्यांत हिरिरीने भाग घेतात.

दुसरे ठिकाण म्हणजे सिंधुदुर्गाच्या आसपासचे व पद्मगडानजीकचे खडक. पद्मगड हे किल्ल्याशेजारचे लहानसे बेट. मराठ्यांच्या काळी तेथे जहाजे बांधीत, असे सांगतात. प्रवाळ, समुद्रफुले, काटेरी साळिंदरासारखे दिसणारे समुद्री जीव आणि माशांची झुंबड यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. पाणी बव्हंशी दोन-तीन पुरुष खोल असल्याने वर तरंगणाऱ्यालाही स्वच्छ दिवशी तळ दिसतो. पाण्यात बुडी घेण्याचा अनुभव देणाऱ्या बहुतेक नावा पाहुण्यांना याच परिसरात नेतात.

तिसरे ठिकाण तारकर्ली. मालवणपासून सुमारे सात किलोमीटर दक्षिणेस असलेला हा किनारा आता देशभर ठाऊक झाला आहे. येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा डायव्हिंग शिकविणारी संस्था आहे. तीत प्रथम खोल तलावात सराव देऊन मग समुद्रात उतरवितात. ज्याला ही विद्या केवळ एका दिवसाची मौज म्हणून नव्हे, तर नीट शिकावयाची आहे, त्याने येथेच यावे. तारकर्लीपुढे देवबागची चिंचोळी पट्टी आहे. एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असे तिचे अपूर्व स्थान आहे. नदीमुखाजवळचे पाणी मातकट असल्याने तेथे तळ पाहावयास मिळणार नाही. परंतु पहाटे निघालेल्या नावेला डॉल्फिनांचे दर्शन या बाजूस पुष्कळदा घडते.

चौथे ठिकाण निवतीपुढील समुद्रातले खडक व वेंगुर्ल्याचे दीपगृह असलेली बेटे. तेथे पाणी खोल आणि प्रवाह जोराचा. तेव्हा शिकलेल्या, अनुभवी माणसांनीच तिकडे जावे. या बेटांच्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात. तिकडे नाव गेली तरी त्यांच्या वीणीत व्यत्यय येऊ नये, हे पाहिले पाहिजे. याच निवतीजवळच्या समुद्रतळावर ‘गुलदार’ ही नौदलाची नौका विसावावी आणि तिच्या पोलादी अंगावर सागरी जीवांनी घर करावे, अशी योजना महाराष्ट्र शासनाने आखली. १९८५ पासून देशाची सेवा करून ही नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली होती.

आणि पाचवे ठिकाण केवळ नाव सांगण्यापुरते. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर अरबी समुद्रात एक बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून त्यास आंग्रिया बँक म्हणतात. सुमारे चाळीस किलोमीटर लांबीच्या या पठाराचा माथादेखील पाण्याखाली वीसेक मीटर आहे. किनाऱ्याच्या गढूळपणापासून दूर असल्याने तेथील प्रवाळसृष्टी समृद्ध आहे. सामान्य प्रवाशाची ती वाट नव्हे. पण ज्या दर्यासारंगाने हा समुद्र गाजविला, त्याचे नाव खोल पाण्यातील एका जिवंत बागेने धारण केले आहे, ही गोष्ट मनाला सुखावून जाते.

पाण्यात श्वास

माणूस पाण्याखाली गेला तो काही आज नव्हे. तुतिकोरिनच्या समुद्रात मोत्यांचे शिंपले काढणारे पाणबुडे शतकानुशतके केवळ छातीतील एका श्वासावर तळ गाठीत आले. परंतु पाण्याखाली निवांतपणे श्वास घेत फिरणे साध्य झाले ते १९४३ साली. त्या वर्षी फ्रान्समध्ये झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी असे साधन सिद्ध केले, की पाठीवरील टाकीतली दाबलेली हवा श्वास ओढताच, आणि सभोवारच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने, तोंडात येऊ लागली. आजचे स्कूबाचे साहित्य हे त्याच कल्पनेचे सुधारलेले रूप होय.

स्नॉर्केलिंग त्याहून सोपे. डोळ्यांवर व नाकावर काचेचा मुखवटा, तोंडात वर निघालेली एक नळी आणि पायांत बदकाच्या पंजासारखी रबरी वल्ही. एवढ्या साहित्यावर माणूस पाण्यावर पालथा पडून तळ पाहू शकतो. पोहता न येणाऱ्यालाही लाइफ जॅकेट घालून आणि तरंगत्या कड्याला धरून हे जमते.

स्कूबात मात्र काही नियम निसर्गानेच घालून दिले आहेत आणि ते मोडणाऱ्यास तो क्षमा करीत नाही. दर दहा मीटर खोलीस पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे दहा मीटर खाली शरीरावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब असतो. म्हणून खाली जाताना कान दुखू लागण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारावी आणि आतला व बाहेरचा दाब सारखा करावा. सर्दी झालेल्याला हे साधत नाही. त्याने त्या दिवशी काठावर बसून मौज पाहावी. दुसरा नियम त्याहून महत्त्वाचा. श्वास कधीही कोंडून धरावयाचा नाही. वर येताना दाब कमी होऊन छातीतील हवा फुगते आणि ती बाहेर पडली नाही, तर फुप्फुसांना इजा होते. दमा, हृदयविकार किंवा अपस्माराचा त्रास असलेल्यांनी वैद्याचा स्पष्ट होकार असल्याखेरीज आणि गर्भवती स्त्रियांनी तर मुळीच बुडी घेऊ नये. चिपीचा विमानतळ २०२१ पासून जवळ आल्यामुळे आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. बुडी घेतल्यानंतर त्याच दिवशी विमानात बसणे टाळावे. कारण दाबाखाली रक्तात मुरलेला वायू बाहेर पडण्यास वेळ लागतो. आणि शेवटचा नियम केवळ मालवणसाठी. माशांच्या तिखल्याचे व सोलकढीचे भरपेट जेवण बुडीनंतर घ्यावे, आधी नव्हे.

समुद्रावर जावयाचा काळ ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत पाणी अधिक नितळ असते. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि हे सर्व व्यवहार बंद ठेवावे लागतात. परंतु हंगाम असला, तरी समुद्र हा समुद्रच, हे विसरता कामा नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीनजीक पर्यटकांची नाव उलटून दोघांना प्राण गमवावे लागले. लाइफ जॅकेट अंगावर आहे काय, नावेत माणसे बेताची आहेत काय, पाण्यात उतरविणारा प्रशिक्षित आहे काय, एवढे तीन प्रश्न विचारण्यास संकोच वाटू देऊ नये. नाव सोडून देण्याचे धैर्य हेदेखील धैर्यच आहे.

एक पाऊल

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही तिघे, म्हणजे मी, यजमान आणि आमची दहा वर्षांची मुलगी, एका लहान यांत्रिक होडीतून किल्ल्यामागच्या खडकांकडे निघालो. होडीचे तांडेल पन्नाशी उलटलेले, मोजके बोलणारे होते. त्यांचा मुलगा पाण्यात उतरून पाहुण्यांना सांभाळावयाचा. नांगर टाकला तो वाळूवर. “खडकार नांगर टाकूक नाय,” एवढेच तांडेल म्हणाले. त्याचा अर्थ मला त्या वेळी उमगला नाही.

मुलगी आधी उतरली आणि नळी तोंडात धरून असे काही तरंगू लागली, जणू तिचा जन्मच पाण्यात झाला होता. मी मागाहून उतरले. पाण्यात तोंड घातले मात्र, आणि डोळ्यांपुढे जे आले त्यास कोशातला कोणताही शब्द पुरेना. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा हातभर अंतरावरून निघून गेला. निळसर हिरवा पोपट मासा खडकाला चोच लावून शेवाळ खरवडीत होता आणि कान देऊन ऐकले, तर त्याच्या खरवडण्याचा आवाजही येत होता. घुमटाच्या आकाराचे तपकिरी गड्डे, पानांसारख्या वळणदार चकत्या, मधूनच डोलणारी समुद्रफुले. पाण्यात वस्तू एक चतुर्थांश जवळ भासते, हे मी कोठेतरी वाचले होते. ते विसरून मी हात पुढे केला आणि हाती केवळ पाणी आले.

इतक्यात मुखवट्यात थोडे पाणी शिरले. नाकात झिणझिण्या आल्या, श्वास अडखळला, आणि माणसाची जी उपजत सवय असते तीच उफाळून आली. पाय टेकावयास काही शोधले. खाली एक तपकिरी गड्डा होता, त्यावर मी उभी राहिले. क्षणभरच. त्या मुलाने तत्काळ माझे कोपर धरले, हातात तरंगते कडे दिले, मुखवटा सारखा केला आणि मग शांतपणे म्हणाला,

“वयनी, पाय ठेवू नकात. तो दगड न्हय, ता जिता आसा.”

त्याच्या स्वरात राग नव्हता. पण मी खाली पाहिले तेव्हा माझी टाच जेथे पडली होती, तेथे अंगठ्याएवढ्या जागेवरचा तपकिरी रंग निघून जाऊन खाली पांढरे दिसत होते.

होडीत परत आल्यावर मुलीने विचारले, “आई, त्याला दुखलं असेल का गं?”

या प्रश्नाचे उत्तर द्यावयास प्रवाळ म्हणजे काय, ते प्रथम सांगावे लागले. तो गड्डा म्हणजे एक जीव नव्हे, ती हजारो सूक्ष्म जीवांची वसाहत असते. प्रत्येक जीव म्हणजे मुखाभोवती स्पर्शिका असलेली एक इवलीशी पिशवी. तो समुद्रातील चुना घेऊन आपल्याखाली घर बांधतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरावर मजले चढत जातात. वर दिसतो तो रंग त्याच्या शरीरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा. हे शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील मोठा भाग यजमानाला देते. यजमान त्याला आसरा देतो. घुमटासारखे वाढणारे हे प्रवाळ वर्षाकाठी सुमारे एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे वीतभर उंचीचा गड्डा हा वीस वर्षांचा संसार असतो. माझ्या मुलीच्या वयाच्या दुप्पट.

मेंदू नसल्यामुळे आपल्याला दुखते तसे त्याला दुखते, असे म्हणता यावयाचे नाही. परंतु वरचे पातळ मांस खरवडले गेले, की तेवढ्या जागेवर रोगजंतू शिरतात, शेवाळ माजते, आणि जखम मोठी असेल तर पसरत जाते. एकाची टाच पडली तर वसाहत बहुधा सावरेल. परंतु हंगामातल्या एका सकाळी त्याच खडकावर किती होड्या लागतात आणि प्रत्येकीतून किती पाय उतरतात, याचा विचार केला म्हणजे ‘एकदाच तर’ या शब्दांचा अर्थ बदलतो.

उष्ण होणारा समुद्र

प्रवाळांचे सर्वांत मोठे संकट पायांपेक्षा दूरवरून येते. समुद्राचे पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाहून केवळ एक अंशाने अधिक तापले आणि तसे काही आठवडे राहिले, की प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकते. रंग जातो, आतला पांढरा चुना दिसू लागतो. यालाच विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवले तर शैवाल पुन्हा येते. न निवले तर वसाहत उपासमारीने मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत जगभर अशी लाट आली, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक विरंजनाची घोषणा केली. मालवणच्या प्रवाळांतही विरंजन आढळल्याच्या नोंदी आहेत.

समुद्र निवविणे हे मालवणच्या तांडेलाच्या हातात नाही, आणि तुमच्या-आमच्या एकट्याच्याही हातात नाही. परंतु तापाने आजारी असलेल्या माणसाला निदान धक्का तरी मारू नये, एवढे शहाणपण सर्वांच्या हाती आहे. खडकाला हात-पाय न लावणे, माशांना पाव-बिस्किटे न घालणे, आठवण म्हणून प्रवाळाचा तुकडा न उचलणे, आणि अंगाला तेले-लेप फासण्याऐवजी लांब बाह्यांचा पोशाख घालून पाण्यात उतरणे. यात कठीण असे काहीच नाही. प्रवाळाचा तुकडा उचलणे तर गुन्हाच आहे, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भित्ती रचणाऱ्या प्रवाळांना वाघाच्या पंक्तीला बसविले आहे.

कायदा आणि चूल

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा सागरी भाग अभयारण्य म्हणून घोषित झाला. महाराष्ट्रातील हे पहिले सागरी अभयारण्य. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांभोवतीचा तीन चौरस किलोमीटरांहून थोडा अधिक भाग त्याचा गाभा होय. कागदावर ही रेषा स्वच्छ दिसते, परंतु ती ज्यांच्या दारापुढून गेली, त्यांना विचारले तर वेगळे ऐकावयास मिळते. आमच्या आज्या-पणज्यांच्या पाण्यात आम्हीच परके ठरणार काय, हा येथील मच्छीमारांचा पहिल्यापासूनचा प्रश्न. समुद्र ज्याने उपसला तो किनाऱ्यावर रापण ओढणारा नव्हे, असे ते म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. यांत्रिक नौका व पर्ससीन जाळी यांच्याशी पारंपरिक मच्छीमारांचा झगडा येथे वर्षानुवर्षे चालू राहिला. २०१६ साली शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, ते काही अंशी त्याचेच फळ.

आमच्या तांडेलांनाही मी हाच प्रश्न विचारला. त्यांनी क्षणभर पाण्याकडे पाहिले. लहानपणी आपण वडिलांबरोबर रापण ओढली, असे ते म्हणाले. मग मासळी कमी झाली. मग मुलगा मुंबईस जावयाचे म्हणू लागला. आणि त्याच सुमारास बुडी घेणारे पाहुणे येऊ लागले. मुलगा राहिला. “आता ह्या खडकार आमची चूल पेटता,” ते म्हणाले, “खडक मेलो तर परत मुंबय.”

सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वेची वाहतूक पूर्ण मार्गावर सुरू झाली. या दोन घटनांनी जिल्ह्याचे दैव पालटले, असे म्हणावयास हरकत नाही. पाहुणे जसे वाढले, तशी घरोघरी न्याहारी-निवासाची सोय झाली, बायकांच्या हातच्या घावन-उसळीला गिऱ्हाईक मिळाले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत तर बचत गटातील स्त्रिया स्वतः नाव वल्हवून पाहुण्यांना कांदळवनाची सफर घडवितात. निसर्ग राखणे आणि पोट भरणे या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणीच असतात असे नाही, याचा हा पुरावा. परंतु हे सारे ज्याच्यावर उभे आहे तो खडक, ते कांदळवन, तो मासा जिवंत असेल तरच. तांडेलांनी हे दोन वाक्यांत सांगितले. आम्हा अनुवादकांना त्यासाठी अहवाल लागतात.

दुसरी सकाळ

दुसऱ्या दिवशी परत निघावयाचे होते. परंतु माझ्या मनातून तो पांढरा डाग जाईना. मुलीच्या आग्रहाने आम्ही पहाटेच चिवला किनाऱ्यावर गेलो. वाळूवरच्या उथळ पाण्यात त्या मुलाने मला तासभर शिकविले. मुखवट्यात पाणी शिरले तर तो कसा दाबावयाचा व नाकाने हवा सोडून पाणी कसे घालवावयाचे. नळीत पाणी आले तर एका जोराच्या फुंकरीने ती कशी मोकळी करावयाची. आणि घाबरले तर पाय खाली सोडण्याऐवजी उताणे होऊन आकाशाकडे कसे पाहावयाचे. चारदा खारे पाणी प्यायले, पाचव्यांदा जमले. पर्यटकांच्या प्रत्येक नावेने खडकांकडे जाण्यापूर्वी वाळूवर हा एक तास काढला, तर पुष्कळ गोष्टी वाचतील, असे तेव्हापासून मला वाटत आले आहे. फार काय, माणसेही वाचतील.

मग आम्ही पुन्हा किल्ल्यामागे गेलो. तोच पोपट मासा होता की त्याचा भाऊबंद, कोण जाणे. त्याचे खरवडणे तसेच चालू होते. एकदा मुखवट्यात पाणी शिरलेच. मी डोळे मिटले, मुखवटा दाबला, नाकाने हवा सोडली, आणि डोळे उघडले तेव्हा समोर निळे पाणी आणि खाली हातभर अंतरावर तो तपकिरी संसार जसाच्या तसा होता.

होडीत चढताना तांडेलांनी हात दिला आणि विचारले, “आज पाय टेकले नाय मा?”

उत्तर माझ्या मुलीने दिले. “नाही टेकले. मी आईवर लक्ष ठेवून होते.”